दोन बोधचिन्हांमधली रेघ

महासाथीच्या काळात संस्था एकमेकींच्या मदतीला धावतात ही आनंदाची गोष्ट आहे, आणि ती लोकांना कळवावी असे त्यांना वाटणेही स्वाभाविक आहे. तरीही २०२० च्या मार्चपासून पुढची दोन-अडीच वर्षे समाजमाध्यमांवर भागीदारीच्या ज्या असंख्य घोषणा मी वाचल्या, त्यांतल्या बहुतेकींनी मला अस्वस्थ केले. दोन बोधचिन्हे शेजारी-शेजारी, मध्ये एक बारीक उभी रेघ, खाली ‘अमुक संस्थेबरोबरची भागीदारी जाहीर करताना आम्हाला अभिमान वाटतो’ असे वाक्य, समोरच्या संस्थेला टॅग, एखादा हॅशटॅग, आणि थोड्याच वेळात समोरच्या संस्थेकडून आभाराचे उत्तर. ज्याच्या घरात कोणी तापाने फणफणले आहे, ज्याला चाचणी कुठे करायची हे ठाऊक नाही, ज्याच्या आईवडिलांच्या लसीचा अजून पत्ता नाही, असा माणूस ते वाचत असेल तर त्याच्या हाती त्यातून काय लागत होते? दोन संस्था सर्वांसमोर एकमेकींशी बोलत होत्या आणि तो फक्त ऐकत होता.

माझे म्हणणे असे आहे की भागीदारीची जाहीर घोषणा हे तिसऱ्या पक्षाला, म्हणजे वाचणाऱ्याला, दिलेले वचन असते. दोन संस्थांनी एकमेकींना काय द्यायचे हे त्यांच्या सामंजस्य करारात लिहिलेले असतेच, त्यासाठी पोस्टची गरज नसते. पोस्ट प्रसिद्ध होते त्या क्षणी त्या दोघींखेरीज आणखी कोणीतरी त्या व्यवहारात सामील होतो आणि त्याला काही प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो : कोण काय करणार, निर्णय कोणाचा, पैसा कोणाचा, मला काय आणि केव्हा मिळणार, आणि ते मिळाले नाही तर हे मला कोण सांगणार. शांततेच्या काळात हे प्रश्न अनुत्तरित राहिले तरी फारसे बिघडत नाही. साथीच्या काळात मात्र माणसे अशा एकेका वाक्याच्या आधारावर बाहेर पडायचे की नाही, टोचून घ्यायचे की नाही हे ठरवत असतात.

कोणाचे म्हणणे कोणाच्या तोंडून येते आहे, हा प्रश्न त्या महासाथीत अगदी सुरुवातीलाच उभा राहिला. १४ जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या खात्यावरून एक ट्वीट आले : चीनच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या प्राथमिक तपासात नव्या विषाणूचा संसर्ग माणसाकडून माणसाला होत असल्याचा स्पष्ट पुरावा आढळलेला नाही, असा त्याचा आशय होता. वाक्य काळजीपूर्वक लिहिलेले होते. तपास कोणाचा हे त्यात होते, तो प्राथमिक असल्याचेही होते. पण समाजमाध्यमांवर वाक्याचा पूर्वार्ध गळून पडायला वेळ लागत नाही, आणि संघटनेच्या खात्यावरून आलेले विधान हे संघटनेचेच विधान ठरते. त्याच दिवशी संघटनेच्या एका तज्ज्ञाने पत्रकारांशी बोलताना मर्यादित प्रमाणात माणसाकडून माणसाला संसर्ग होणे शक्य आहे असे सांगितले होते, आणि २० जानेवारीला चीनमधूनच तसा संसर्ग होत असल्याची पुष्टी झाली. पुढची कित्येक वर्षे ते एक ट्वीट संघटनेविरुद्ध पुरावा म्हणून फिरत राहिले. त्यातल्या राजकारणात मला शिरायचे नाही. मला त्यातून एवढेच दिसते की सहकाऱ्याचे म्हणणे आपल्या खात्यावरून सांगणे म्हणजे आपली पत त्याच्या स्वाधीन करणे. म्हणून ‘हे त्यांनी आम्हाला कळवले आहे, आम्ही स्वतः पडताळलेले नाही’ हे वेगळ्या, पूर्ण वाक्यात सांगायला हवे होते. एका उपवाक्यावर एवढा भार टाकणे योग्य नव्हते.

अशा पोस्ट आतून कशा तयार होतात हे मी जवळून पाहिले आहे, कारण त्या काळात मी एका सेवाभावी संस्थेसाठी समाजमाध्यमांवरचा मजकूर लिहीत असे. पहिल्या मसुद्यात बहुधा उपयोगाची गोष्ट पहिल्या ओळीत असते : मदतवाहिनी कोणत्या वेळेत चालू असेल, किती भाषांत उत्तर मिळेल, कोणती मदत मिळणार नाही. मग तो मसुदा मंजुरीला जातो. आपल्या कार्यक्रम विभागाकडे, कायद्याचे काम पाहणाऱ्यांकडे, मग समोरच्या संस्थेच्या संपर्क विभागाकडे, तिथून त्यांच्या वरिष्ठांकडे. ‘कोणती मदत मिळणार नाही’ हे वाक्य पहिल्याच फेरीत जाते, कारण ते नकारात्मक वाटते. वेळ आणि भाषांची संख्या दुसऱ्या फेरीत जाते, कारण त्या बदलल्या तर अडचण नको. कोणाचे बोधचिन्ह डावीकडे यावे, दोन्हींची उंची सारखी दिसते की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत निरोपांची देवाणघेवाण चालते. अखेरीस जे उरते ते दोन्ही संस्थांना मान्य होईल असे सर्वांत लहान वाक्य असते, आणि त्यात अभिमान आणि कृतज्ञता यांखेरीज काही शिल्लक राहत नाही. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. ज्या वाचकासाठी तो मजकूर लिहिला गेला, त्याच्या वतीने बोलणारा मात्र मंजुरीच्या त्या साखळीत कोणीच नसतो. मला वाटते, तिथे एक माणूस असा हवा की ज्याचे काम फक्त ‘यातून वाचणाऱ्याला काय कळले?’ हे विचारणे असेल आणि ज्याच्या होकाराशिवाय मजकूर पुढे जाणार नाही.

बोधचिन्हांबद्दलची ही दक्षता अगदी निरर्थक आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे चिन्ह १९४८ च्या पहिल्या जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे तिच्या सदस्य देशांच्या सभेत, स्वीकारले गेले. महासंचालकांच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही आणि कोणत्याही मालाच्या जाहिरातीसाठी तर नाहीच नाही. २०१६ च्या मे महिन्यात याच सभेने सरकारांखेरीज इतर संस्थांशी, म्हणजे कंपन्या, धर्मादाय प्रतिष्ठाने, स्वयंसेवी आणि शैक्षणिक संस्था यांच्याशी कसे संबंध ठेवावेत याची चौकट मंजूर केली. तंबाखू आणि शस्त्रास्त्रांच्या उद्योगांशी संबंध ठेवायचाच नाही, इतरांच्या बाबतीत हितसंबंध तपासून घ्यायचे, असे त्यात ठरले. या नियमांमागचे कारण सरळ आहे. आरोग्य संस्थेच्या शेजारी नाव झळकले की कंपनीला जी विश्वासार्हता मिळते, ती त्या आरोग्य संस्थेच्या खात्यातून वजा होत असते. साथीच्या घाईत करार महिन्यांऐवजी दिवसांत होतात. अशा वेळी पोस्टमध्ये ‘भागीदार’ या एका शब्दाखाली देणगीदार, पुरवठादार, सल्लागार आणि केवळ प्रसिद्धीला हातभार लावणारे असे सगळे एकत्र येतात, आणि वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळण्याचा मार्ग उरत नाही.

हा फरक न सांगितल्याने काय होते ते ९ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वांनी पाहिले. त्या दिवशी फायझर आणि बायोएनटेक या दोन कंपन्यांनी संयुक्तपणे जाहीर केले की त्यांची लस पहिल्या अंतरिम विश्लेषणात, म्हणजे चाचणी चालू असतानाच घेतलेल्या आढाव्यात, ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरली आहे. निवेदन म्हणून ते चांगले होते. हा निष्कर्ष बाधित झालेल्या ९४ जणांवर आधारलेला आहे आणि सुरक्षिततेची माहिती अजून जमायची आहे, हे त्यात स्पष्ट होते. पण त्याच दिवशी अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी ट्वीट करून याचे श्रेय त्यांच्या सरकारने उभारलेल्या सार्वजनिक-खासगी भागीदारीला दिले. उलट फायझरच्या लस-संशोधन प्रमुखांनी आपण त्या सरकारी योजनेचा कधीच भाग नव्हतो असे वृत्तपत्राला सांगितले, आणि मग कंपनीला खुलासा करावा लागला की लशीचा पुरवठादार म्हणून आपण त्या योजनेत आहोत. वस्तुस्थिती तशी गुंतागुंतीची नव्हती. अमेरिकी सरकारने जुलै २०२० मध्ये १० कोटी मात्रा १.९५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला होता, संशोधनासाठी पैसा दिला नव्हता. बायोएनटेकला मात्र जर्मन सरकारकडून ३७.५ कोटी युरोपर्यंतचे साहाय्य मंजूर झाले होते. आगाऊ खरेदी हीदेखील मोठी मदत असते, कारण माल खपेल की नाही ही चिंता ती दूर करते. पण खरेदीदार, अनुदान देणारा आणि शोध लावणारा या तीन वेगळ्या भूमिका आहेत. करार झाला त्याच दिवशी त्या तीन साध्या वाक्यांत सांगितल्या गेल्या असत्या तर निवडणुकीच्या धगीत लशीवर पक्षीय रंग चढायला एक निमित्त कमी मिळाले असते.

भागीदारांनी एकसुरातच बोलले पाहिजे, असे यावरून कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. २२ मार्च २०२१ रोजी अॅस्ट्राझेनेकाने अमेरिकेतील चाचणीत तिची लस ७९ टक्के परिणामकारक ठरल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्रीय अॅलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेने, जिचा त्या चाचणीशी संबंध होता, जाहीर निवेदन काढून सांगितले की चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळाला कंपनीने जुनी माहिती वापरली असावी अशी चिंता वाटते. २५ मार्चला कंपनीने अद्ययावत आकडा दिला, तो ७६ टक्के होता. या प्रकाराने लशीवरचा विश्वास डळमळला अशी टीका तेव्हा झाली, आणि तीत तथ्य आहे. फरक अवघा तीन टक्क्यांचा होता, गोंधळ मात्र फार मोठा झाला. तरीही मला ती संस्था बोलली हेच योग्य वाटते. ज्या भागीदारीत एकाला दुसऱ्याच्या विधानाबद्दल जाहीरपणे शंका घेता येते, तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा अशी माझी धारणा आहे. खेद याचा वाटतो की तो संवाद घोषणेच्या आधी व्हायला हवा होता, आणि त्यासाठी घोषणेची घाई थोडी कमी करावी लागली असती.

चांगली उदाहरणेही त्याच काळातली आहेत आणि ती मी मनापासून आठवतो. २३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटना आणि फिफा यांनी एक चित्रफीत मोहीम सुरू केली. तीत २८ खेळाडू १३ भाषांत पाच गोष्टी सांगत होते : हात धुवा, खोकताना कोपर तोंडासमोर धरा, चेहऱ्याला हात लावू नका, अंतर ठेवा, बरे वाटत नसेल तर घरी थांबा. दोन संस्था एकत्र आल्या हे त्यात होते, पण ते दुय्यम होते. आरोग्य संघटनेकडे सल्ला होता, फुटबॉलकडे लोकांचे लक्ष होते, आणि दोघांनी आपापले जे होते ते आणले. त्याच आठवड्याच्या आसपास, २० मार्चला, व्हॉट्सअॅपवर संघटनेची माहितीसेवा सुरू झाली. तिच्यामागे दक्षिण आफ्रिकेतील प्रेकेल्ट ही संस्था होती आणि तिथे गर्भवती मातांसाठी चालणाऱ्या मॉमकनेक्ट सेवेचा अनुभव होता. तिच्या घोषणेत एक क्रमांक होता आणि त्यावर काय लिहून पाठवायचे ते होते. वाचून झाल्यावर लगेच काही करता येत होते.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण मात्र फारसे गाजले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशन यांनी जाहीर केले की संघटनेची माहितीचित्रे, चित्रफिती आणि इतर साहित्य मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या त्यांच्या खुल्या संग्रहात ठेवले जाईल. म्हणजे ज्या भाषेत संघटना स्वतः कधी काही प्रसिद्ध करणार नाही, त्या भाषेतला एखादा स्वयंसेवक ते घेऊन आपल्या विकिपीडियावर भाषांतरित करू शकेल, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. त्या भागीदारीने वाचणाऱ्यालाच कामात घेतले. संघटनेचे महासंचालक टेड्रोस घेब्रेयेसुस यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत आपली लढाई साथीइतकीच चुकीच्या माहितीच्या लोंढ्याशीही आहे असे म्हटले होते. त्या लोंढ्याला मुक्त परवाना हे किती समर्पक उत्तर होते याचा विचार मी आजही करतो.

पण भागीदारीची खरी परीक्षा घोषणेच्या दिवशी होत नाही, ती वचन पुरे होईनासे झाले की सुरू होते. या बाबतीत कोव्हॅक्सइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. ‘गावी’ ही लसपुरवठ्यासाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी, ‘सेपी’ ही साथरोगांवरील लस-संशोधनाला पैसा पुरवणारी आघाडी आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांनी चालवलेली आणि युनिसेफने लस प्रत्यक्ष पोहोचवण्याचे काम उचललेली, कोव्हिडची लस सर्व देशांना मिळावी यासाठीची ही योजना होती, आणि २०२१ अखेरपर्यंत २ अब्ज मात्रा पोहोचवणे हे तिचे जाहीर उद्दिष्ट होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाच्या अक्रा विमानतळावर पहिल्या ६ लाख मात्रा उतरल्या तेव्हाची छायाचित्रे जगभर पसरली. त्यानंतर देशोदेशींच्या विमानतळांवरून तसलीच छायाचित्रे येऊ लागली : विमानाचा उघडा दरवाजा, पांढरी खोकी, त्यांवर दात्याचे नाव, शेजारी उभे असलेले राजदूत आणि मंत्री. त्या छायाचित्रांत खोटे काही नव्हते. पण त्या खोक्यांतली लस किती दिवसांत कालबाह्य होणार आहे, ती टोचायला सिरिंज बरोबर आल्या आहेत का, खेड्यापर्यंत नेण्याची शीतसाखळी आहे का, यांतले काहीही छायाचित्रात दिसत नव्हते. जून २०२१ मध्ये जी-७ देशांनी वर्षभरात १ अब्ज मात्रा देण्याचे वचन दिले आणि तो आकडा सर्व खात्यांवरून फिरला. दिलेल्या वचनाचा आकडा आणि दंडात टोचलेल्या मात्रांचा आकडा हे दोन्ही एकाच उत्साहाने, एकाच आकाराच्या अक्षरांत मांडले जात होते, आणि वाचणाऱ्याने त्यांतला फरक स्वतःच ओळखायचा होता.

या सगळ्यात दोन मजकूर मला प्रामाणिकपणाचे नमुने वाटतात. पहिला ८ सप्टेंबर २०२१ चा. कोव्हॅक्सच्या भागीदारांनी संयुक्त निवेदनात सांगितले की वर्षअखेर २ अब्ज नव्हे, सुमारे १.४२५ अब्ज मात्रा उपलब्ध होतील अशी अपेक्षा आहे. निर्यातबंदी, उत्पादक आणि श्रीमंत देशांनी थेट करारांना दिलेले प्राधान्य, काही उत्पादकांना उत्पादन वाढवताना आलेल्या अडचणी आणि मंजुरीच्या अर्जांतला उशीर अशी कारणेही त्यांनी एकामागून एक मांडली. दुसरा मजकूर २९ नोव्हेंबर २०२१ चा. आफ्रिकेसाठी लस खरेदी करणारा न्यास, आफ्रिका सीडीसी ही आफ्रिकी संघाची आरोग्य संस्था आणि कोव्हॅक्स यांनी मिळून जाहीर केले की आतापर्यंतच्या बहुतांश देणग्या आयत्या वेळी, पुरेशी सूचना न देता आणि मुदत संपत आलेल्या अशा मिळाल्या आहेत, आणि त्यामुळे देशांना मोहिमांची आखणी करणे अवघड होते आहे. त्यांनी मागण्याही नेमक्या केल्या : लस देशात पोहोचेल तेव्हा तिची किमान १० आठवड्यांची मुदत शिल्लक असावी, किमान ४ आठवडे आधी कळवावे, सिरिंजसारखे साहित्य बरोबर द्यावे. ज्यांच्या देणग्यांवर ही योजना उभी होती त्यांनाच उद्देशून, सर्वांसमोर, कोणाचे आभार न विसरता आणि कोणाचा अपमान न करता हे लिहिणे सोपे नव्हते. तो मजकूर वाचल्यावर मला वाटले की इथे भागीदार हा शब्द पहिल्यांदा पूर्ण अर्थाने वापरला गेला आहे. आणि वाचणाऱ्यालाही, म्हणजे त्या देशातल्या परिचारिकेला किंवा रांगेतून परत पाठवलेल्या माणसाला, आपल्याकडे लस वेळेवर का आली नाही याचे उत्तर मिळाले.

समाजमाध्यमांवर या दोन निवेदनांना विमानतळावरच्या छायाचित्रांचे भाग्य लाभले नाही हे उघड आहे. वाईट बातमी संकेतस्थळाच्या एका पानावर राहते आणि चांगली बातमी चित्रासह खात्यावर येते, ही विभागणी संस्थांनी स्वतःहून मोडायला हवी. ज्या खात्यावरून २ अब्जांचे वचन गेले त्याच खात्यावरून, तितक्याच मोठ्या चित्रात, १.४२५ अब्जांचा सुधारित अंदाज जायला हवा. कोव्हॅक्सने शंभर कोटींचा टप्पा २०२२ च्या जानेवारीच्या मध्यास गाठला, आणि ३१ डिसेंबर २०२३ रोजी ती योजना बंद झाली तोवर १४६ देश व प्रदेशांना जवळपास २ अब्ज मात्रा मिळाल्या होत्या. म्हणजे उद्दिष्टाचा आकडा अखेर जवळ आला, पण दोन वर्षे उशिरा, आणि त्या दोन वर्षांत ज्यांना लस मिळाली नाही त्यांच्यासाठी तो आकडा कधीच खरा ठरला नाही.

पुढे १४ ऑगस्ट २०२४ रोजी एमपॉक्सबद्दल (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा काही गोष्टी सुधारलेल्या दिसल्या. आफ्रिका सीडीसीने आदल्याच दिवशी खंडापुरती आणीबाणी जाहीर केली होती, आणि ६ सप्टेंबरला तिने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर संयुक्त योजना मांडली. एक चमू, एक आराखडा, एक अंदाजपत्रक आणि देखरेखीची एकच पद्धत, असे त्या योजनेचे वर्णन दोन्ही संस्थांनी सारख्याच शब्दांत केले. कोण काय करणार हे निदान आधी सांगितले गेले. पण लशीच्या बाबतीत जुनेच चित्र पुन्हा दिसले : काँगोच्या किन्शासात ५ सप्टेंबरला जवळपास १ लाख मात्रा उतरल्याची छायाचित्रे सर्वत्र दिसली, तर लसीकरण प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. मधला महिना कशात गेला, म्हणजे प्रशिक्षण, वाहतूक, कोणाला आधी टोचायचे याची यादी, हे सांगणाऱ्या पोस्ट माझ्या तरी नजरेस फार कमी पडल्या. खरे काम त्या महिन्यात होत होते, आणि ते करणाऱ्यांची नावे कोणत्याही बोधचिन्हाखाली नव्हती.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. त्यातील एका व्यवस्थेनुसार, रोगकारकांचे नमुने आणि माहिती मिळवणाऱ्या सहभागी औषध उत्पादकांनी महासाथीच्या वेळी आपल्या लशी, निदानसाधने आणि औषधांच्या चालू उत्पादनापैकी २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला तातडीने उपलब्ध करून द्यावा असे उद्दिष्ट आहे, आणि त्याचा तपशील वेगळ्या परिशिष्टासाठी वाटाघाटींवर सोपवला गेला. या व्यवस्थेखाली एखादी कंपनी संघटनेशी पहिला करार करील तेव्हा दोन्ही खात्यांवर घोषणा झळकणारच. त्या घोषणेच्या पहिल्या ओळीत हिश्श्याचा आकडा असावा, त्यातले किती विनामूल्य आणि किती विकत हे दुसऱ्या ओळीत असावे, साथ जाहीर झाल्यापासून किती आठवड्यांत पहिली खेप निघेल हे तिसऱ्या ओळीत असावे, आणि खेप निघाली नाही तर ते कोणत्या खात्यावर वाचायला मिळेल हेही तिथेच लिहिलेले असावे.